लोकांचा विश्वास ही अमानत आहे

मराठीत ‘पत’ हा फार अर्थपूर्ण शब्द आहे. दुकानदार ज्याला निःशंकपणे उधार देतो, ज्याच्या शब्दावर सौदा ठरतो आणि ज्याच्या हाती घराची किल्ली सोपवून शेजारी निर्धास्तपणे गावाला जातो, त्या माणसाची पत आहे असे आपण म्हणतो. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागधारकाला सूत उधारीवर मिळते ते पतीवर. कोकणातील एखाद्या गावातून आखातात गेलेला माणूस आपल्या मालकाजवळ गावच्या दुसऱ्या मुलासाठी शब्द टाकतो तोही पतीवरच. ही पत विकत घेता येत नाही, वारशाने मिळाली तरी फार काळ टिकत नाही आणि स्वतःच्या तोंडाने जाहीर केल्याने वाढत नाही. तिचे वास्तव्यच मुळी दुसऱ्याच्या मनात असते.

शिक्षण संपवून नोकरी-व्यवसायाच्या वाटेला लागलेल्या आपल्या मुलामुलींना आज स्वतःचे नाव कसे करावे, स्वतःला लोकांसमोर कसे मांडावे, याविषयी पुष्कळ सल्ले मिळतात. त्यांतील काही उपयुक्तही असतात. इस्लामने मात्र या विषयाचा आरंभ वेगळ्या ठिकाणापासून केला आहे. लोक आपल्यावर विश्वास टाकतात तेव्हा ते आपल्याकडे एक ठेव ठेवत असतात. ती ठेव त्यांची आहे, आपण तिचे राखणदार आहोत. यालाच ‘अमानत’ म्हणतात. ‘ईमान’, ‘अमानत’ आणि ‘अमीन’ हे तिन्ही शब्द अरबी भाषेतील एकाच धातूपासून आलेले आहेत आणि त्या धातूत सुरक्षिततेचा, निर्भयतेचा भाव आहे. म्हणून ‘लोक मला काय म्हणतात?’ यापेक्षा ‘कोणाचे काय माझ्याकडे आहे आणि मी ते सांभाळतो आहे का?’ हा प्रश्न श्रद्धावंताने स्वतःला विचारायचा आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नीट असले की पहिल्याची चिंता उरत नाही.

मक्केचे ‘अमीन’

अल्लाहचे प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर पहिला दिव्य बोध अवतरला तेव्हा त्यांचे वय ४० वर्षांचे होते. त्यापूर्वीच मक्केचे लोक त्यांना ‘सादिक’ म्हणजे सत्यवचनी आणि ‘अमीन’ म्हणजे विश्वासू या नावांनी ओळखत होते. ही नावे कोणा दरबाराने बहाल केली नव्हती. ती बाजारात, प्रवासात आणि शेजारात मिळाली होती.

हजरत खदीजा (रजि.) या मक्केतील प्रतिष्ठित व्यापारी होत्या. आपला माल घेऊन सीरियाकडे जाण्यासाठी त्यांना भरवशाचा माणूस हवा होता. मुहम्मद (स.) यांची सचोटी त्यांच्या कानी आली होती, म्हणून त्यांनी स्वतःहून ही जबाबदारी त्यांच्याकडे सोपवली आणि इतरांना देत त्यापेक्षा अधिक मोबदला देऊ केला. साइब (रजि.) नावाचे एक सहाबी पूर्वी त्यांचे व्यापारातील भागीदार होते. पुढे कित्येक वर्षांनी त्यांनी प्रेषितांसमोरच साक्ष दिली की आपण उत्तम भागीदार होता, आपण कधी कटकट केली नाही की वाद घातला नाही. वाचकहो, भागीदारीत राहिलेल्या माणसाने इतक्या वर्षांनंतर असे म्हणावे, यापेक्षा मोठे प्रमाणपत्र कोणते असू शकेल?

प्रेषितत्वाच्या पाच वर्षे आधी कुरैशांनी काबागृहाची पुनर्बांधणी केली. ‘हजरे अस्वद’ जागेवर बसवण्याचा मान कोणत्या कुळाला मिळावा, यावरून तलवारी उपसण्याची वेळ आली. शेवटी असे ठरले की जो सर्वप्रथम आत येईल त्याचा निवाडा मान्य करायचा. मुहम्मद (स.) आत येताना दिसताच हे तर अमीन आहेत, आम्हाला मान्य आहे, असे सर्वांनी एकमुखाने म्हटले. त्यांनी एक चादर अंथरून तीवर तो पाषाण ठेवला, प्रत्येक कुळाच्या प्रमुखाला तिची कड धरायला लावली आणि जागेपर्यंत उचलून आणल्यावर स्वतःच्या हाताने तो बसवला. विश्वासू माणसाच्या हाती आलेला अधिकारही तो एकट्याचा करीत नाही, हे या प्रसंगात दिसते.

याहून विचार करायला लावणारी गोष्ट पुढची आहे. प्रेषितांनी एकेश्वरत्वाचे आवाहन सुरू केले आणि मक्का त्यांच्या विरोधात गेली. त्यांचा संदेश नाकारला गेला, अनुयायांचा छळ झाला, बहिष्कार घातला गेला. तरीही मक्केतील लोक आपल्या मौल्यवान वस्तू ठेवायला त्यांच्याकडेच येत राहिले. इ. स. ६२२ मध्ये त्यांच्या हत्येचा कट शिजला आणि त्यांना मातृभूमी सोडावी लागली. त्या रात्रीही त्यांना त्या ठेवींची आठवण होती. ज्याच्या त्याच्या वस्तू ज्याला त्याला परत करण्यासाठी त्यांनी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले. घरदार गमावून निघालेल्या माणसाला या वस्तू सोबत नेण्यासाठी सबब शोधणे अवघड नव्हते. परंतु समोरचा कसा वागतो, यावर अमानतीचा कायदा अवलंबून नाही. पवित्र कुरआनने अमानती त्यांच्या हक्कदारांना पोचत्या करण्याची आज्ञा दिली (सूरह अन्-निसा, आयत ५८), तेव्हा हक्कदार आपला मित्र असावा अशी अट घातली नाही.

सामर्थ्य आणि सचोटी

आता उपजीविकेच्या प्रश्नाकडे वळू. कोणाला कामावर घ्यावे, याचा एक निकष सूरह अल्-कससमध्ये (आयत २६) एका मुलीच्या तोंडून आला आहे. हजरत मूसा (अ.) थकलेल्या, परक्या अवस्थेत मदयनला पोचले. तेथे पाणवठ्यावर दोन मुली आपली जनावरे आवरून बाजूला थांबल्या होत्या. मूसा (अ.) यांनी त्यांच्या जनावरांना पाणी पाजले आणि मोबदल्याचा शब्दही न काढता ते सावलीत जाऊन बसले. पुढे त्यांतील एकीने आपल्या पित्याला सुचवले की यांना कामावर ठेवावे, कारण जो बलवान आणि विश्वासू असेल तोच कामाला उत्तम. तिने त्यांचे कोणतेही प्रमाणपत्र पाहिले नव्हते, तिने त्यांचे वागणे पाहिले होते.

हजरत यूसुफ (अ.) यांनी इजिप्तच्या भांडारांची जबाबदारी मागितली, तेव्हा त्यांनीही आपल्या दोनच गोष्टी सांगितल्या : मी राखण करणारा आहे आणि मी जाणकार आहे (सूरह यूसुफ, आयत ५५). दोन्ही ठिकाणी जोडी तीच आहे. एका बाजूला कौशल्य, दुसऱ्या बाजूला सचोटी.

यातून दोन धडे मिळतात. पहिला हा की नुसता प्रामाणिकपणा पुरेसा नाही. काम न येणारा सज्जन माणूसही मालकाचे नुकसानच करतो. हजरत अबू जर (रजि.) यांच्या सत्यवचनाची प्रशंसा स्वतः प्रेषितांनी केली आहे. तरीही त्यांनी अधिकारपद मागितले तेव्हा प्रेषितांनी त्यांना प्रेमाने समजावले की या कामासाठी आपण दुर्बळ आहात आणि पद ही अमानत आहे (मुस्लिम). तेव्हा आपले काम नीट शिकणे, त्यात पारंगत होणे हाही अमानतीचाच भाग आहे. दुसरा धडा हा की आपली पात्रता सांगणे गैर नाही, मात्र ती खरी असली पाहिजे. अनुभवाचे खोटे प्रमाणपत्र जोडणे, न केलेले काम केल्याचे लिहिणे, न येणारी गोष्ट येते म्हणून सांगणे, याला आज अनेक जण चतुराई समजतात. वस्तुतः अशा माणसाच्या नोकरीचा पायाच खोट्या साक्षीवर उभा राहतो आणि त्यातून येणाऱ्या प्रत्येक पगाराबरोबर ती शंका घरात येते. ‘हे मला अजून येत नाही, पण शिकेन’ असे मुलाखतीत सांगणाऱ्याची एखादी संधी हुकेल. पण ज्या दिवशी तो ‘हे मला येते’ असे म्हणेल, त्या दिवशी त्याच्या शब्दाला वजन असेल.

लहान अमानती

विश्वास मोठ्या प्रसंगी दिसतो, पण तो घडतो लहान प्रसंगी. माणूस सत्य बोलत राहतो, बोलत राहतो आणि अखेर अल्लाहजवळ त्याची नोंद ‘सिद्दीक’ म्हणून होते. आणि खोटे बोलत राहणाऱ्याची नोंद महाखोटारडा म्हणून होते, अशा आशयाचे प्रेषितवचन बुखारी व मुस्लिम या दोन्ही ग्रंथांत आहे. या वचनातील ‘राहतो’ या क्रियेकडे लक्ष द्यावे. हे एका दिवसाचे काम नाही.

आपल्या दिवसात अशा किती अमानती असतात ते मोजून पाहा. कामाचे तास ही अमानत आहे. कचेरीची गाडी, प्रवासाचे बिल, आजारपणाची रजा या अमानती आहेत. रुग्णाने डॉक्टरला, अशिलाने वकिलाला आणि सहकाऱ्याने आपल्याला विश्वासाने सांगितलेली गोष्टही अमानत आहे. शिंप्याने दिलेली कपड्यांची तारीख, सुताराने दिलेला शब्द, वायरमनने फोनवर सांगितलेले ‘निघालोच आहे’, हे सर्व वायदे आहेत. खोटे बोलणे, वायदा मोडणे आणि अमानतीत खयानत करणे ही प्रेषितांनी दांभिकाची तीन लक्षणे सांगितली आहेत (बुखारी, मुस्लिम). आपल्या बाजारात ‘उद्या देतो’ हे वाक्य किती सहज उच्चारले जाते, याचा विचार केला की मन धास्तावते.

मापात पाप करणाऱ्यांचा धिक्कार करीत सूरह अल्-मुतफ्फिफीनचा प्रारंभ होतो. घेताना पुरेपूर घ्यायचे आणि देताना कमी द्यायचे, ही त्यांची ओळख तेथे सांगितली आहे. ही आयत तराजूपुरती नाही. पगार पूर्ण घेऊन काम अर्धे करणारा नोकर आणि काम पूर्ण घेऊन मजुरी लांबवणारा मालक, दोघांनाही ती लागू पडते. मदीनेच्या बाजारात धान्याच्या एका ढिगात प्रेषितांनी हात घातला तेव्हा आतील धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. लोकांना दिसेल असे ते वर का ठेवले नाहीस, असे विचारून प्रेषितांनी बजावले की फसवणारा आमच्यातला नाही (मुस्लिम). भिजणे हा दोष नव्हता, झाकणे हा होता. मालातील किंवा कामातील उणीव गिऱ्हाईकाला आधी सांगणारा कारागीर त्या वेळी नुकसान सोसतो, पण त्याचा ‘चांगले आहे’ हा शब्द मग कोणी तपासून पाहत नाही.

भेटवस्तूंची बाबही अशीच आहे. जकात गोळा करण्यासाठी नेमलेला एक माणूस परत आला आणि हे तुमचे, हे मला भेट मिळालेले, अशी त्याने वाटणी केली. प्रेषितांनी व्यासपीठावरून लोकांना विचारले की हा आपल्या आईवडिलांच्या घरी बसून राहिला असता तर ही भेट त्याच्याकडे आली असती का? (बुखारी, मुस्लिम). खुर्चीवर बसल्यामुळे घरी येणाऱ्या प्रत्येक मिठाईच्या डब्यासमोर हा प्रश्न विचारून पाहावा.

हजरत जुबैर (रजि.) यांचे कर्ज

विश्वासाची जबाबदारी किती खोल असते, हे समजण्यासाठी बुखारीमधील एक प्रसंग घराघरात वाचला जावा. हजरत जुबैर इब्न अव्वाम (रजि.) यांच्याकडे लोक आपली रक्कम ठेवायला येत. ते म्हणत की ठेव म्हणून नको, कर्ज म्हणून द्या, कारण ती हरवेल अशी मला भीती वाटते. यातील सूक्ष्म भेद लक्षात घ्या. शरीअतनुसार राखणदाराच्या निष्काळजीपणाशिवाय ठेव नष्ट झाली तर त्याच्यावर भरपाई येत नाही. कर्ज मात्र कोणत्याही परिस्थितीत फेडावेच लागते. म्हणजे लोकांचा पैसा बुडू नये म्हणून त्यांनी धोका स्वतःच्या शिरावर घेतला.

हिजरी ३६ मध्ये ते शहीद झाले. मृत्यूपूर्वी त्यांनी पुत्र अब्दुल्लाह (रजि.) यांना सांगितले की माझी सर्वांत मोठी चिंता माझ्या कर्जाची आहे, मालमत्ता विकून ते फेड आणि अडचण आली तर माझ्या स्वामीकडे मदत माग. आपला स्वामी कोण, असे पुत्राने विचारल्यावर ते म्हणाले, अल्लाह. हिशेब केला तेव्हा कर्ज २२ लाख निघाले. रोख दिनार-दिरहम काहीच नव्हते, फक्त जमिनी आणि घरे होती. अब्दुल्लाह (रजि.) यांनी ती विकून कर्ज फेडले. त्यानंतर वारसांनी आपला वाटा मागितला. तेव्हा त्यांनी तो लगेच वाटण्यास नकार दिला आणि चार वर्षे हजच्या दिवसांत घोषणा करविली की जुबैर यांच्याकडे ज्याचे येणे असेल त्याने यावे. चार वर्षांनंतरच वारसा वाटला गेला.

एका पित्याचा शब्द त्याच्या मृत्यूनंतर मुलाने असा सांभाळला. आपल्या कुटुंबांत वडिलांच्या पश्चात आधी जमिनीचे उतारे शोधले जातात की त्यांची देणी? आणि ती देणी मुलांना कळावीत म्हणून आपण काही लिहून ठेवले आहे काय? कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत (सूरह अल्-बकरा, आयत २८२) उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, हे येथे आठवावे. भावाभावांत लिखापढी कशाला, असे म्हणणारे अनेकदा भाऊही गमावतात आणि पैसाही.

प्रामाणिक माणूस मागे पडतो काय?

तरुण वाचकांच्या मनात एक प्रश्न येईलच. हे सर्व खरे, पण खोटे प्रमाणपत्र देणारा पुढे जातो आणि खरे बोलणारा घरी बसतो, त्याचे काय? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. पवित्र कुरआननेही तो टाळलेला नाही. बंद दरवाजांआड, जेथे पाहणारा कोणी नव्हता, तेथे यूसुफ (अ.) यांनी आपल्या मालकाच्या विश्वासाला तडा जाऊ दिला नाही (सूरह यूसुफ, आयत २३). त्याचे तात्काळ फळ काय मिळाले? तुरुंग. तेथे त्यांची कित्येक वर्षे गेली. भांडारांच्या किल्ल्या त्यानंतर आल्या.

म्हणून सचोटी हा यशाचा हमखास आणि झटपट उपाय आहे, असे आपल्या मुलांना सांगू नये. तसे सांगितले तर ज्या दिवशी खोटेपणा अधिक फायद्याचा ठरेल, त्या दिवशी ते सचोटी टाकून देतील. केवळ नाव व्हावे म्हणून केलेला चांगुलपणा अल्लाहजवळ किती पोकळ ठरतो, याचा गंभीर इशारा हदीसमध्ये आहे : शूर म्हणवून घेण्यासाठी लढलेला, विद्वान म्हणवून घेण्यासाठी शिकलेला आणि उदार म्हणवून घेण्यासाठी दान केलेला, या तिघांना त्यांचे नाव दुनियेतच मिळून चुकले आणि परलोकात त्यांच्यासाठी काहीच उरले नाही (मुस्लिम). सचोटी ही अल्लाहच्या आज्ञेसाठी असते. तिच्यातून पत निर्माण होते, बरकत येते, बहुधा दारेही उघडतात. पण ती कधी उघडायची, हे पालनकर्त्याच्या हाती आहे. सच्च्या आणि विश्वासू व्यापाऱ्याला प्रेषितांच्या, सत्यनिष्ठांच्या व हुतात्म्यांच्या सहवासाची शुभवार्ता देण्यात आली आहे (तिर्मिजी). ज्याच्या नजरेसमोर ती जागा आहे, त्याला एखादी हुकलेली नोकरी मोडून टाकू शकत नाही.

नावावर डाग आला तर

नाहक आलेला डाग पुसण्याचा अधिकार इस्लामने दिला आहे. राजाने तुरुंगातून बोलावणे पाठवले, तेव्हा यूसुफ (अ.) धावत निघाले नाहीत. आधी त्या प्रकरणाची चौकशी व्हावी, असा निरोप त्यांनी परत पाठवला (सूरह यूसुफ, आयत ५०). निर्दोषत्व सिद्ध झाल्यावरच ते दरबारात गेले आणि नंतरच जबाबदारी स्वीकारली. संशयाला जागा न ठेवणे हेही सुन्नतच आहे. एका रात्री प्रेषित (स.) आपल्या पत्नी हजरत सफिय्या (रजि.) यांच्यासोबत चालत असता दोन अन्सारी जवळून गेले. प्रेषितांनी त्यांना थांबवून सांगितले की या सफिय्या आहेत (बुखारी, मुस्लिम). त्यांनी जर खुलासा केला, तर सामाईक पैशाचा हिशेब वेळच्या वेळी मांडण्यात आपल्याला कमीपणा का वाटावा?

दोष आपलाच असेल तर मार्ग स्पष्ट आहे : ज्याचा हक्क बुडवला त्याला तो परत करावा, त्याची क्षमा मागावी आणि अल्लाहकडे तौबा करावी. माणसांचे हक्क परत न करता केलेली तौबा अपुरी राहते. लोकांचा विश्वास परत यायला वेळ लागेल. तो वेळ संयमाने द्यावा.

आपल्या एकाच्या वागण्यावरून साऱ्या समाजाला जोखले जाते, हा अनुभवही अनेकांना येतो. असे जोखणे अन्यायाचेच आहे. कुरआन तर ग्रंथधारकांविषयी बोलतानाही सर्वांना एका मापाने मोजत नाही. त्यांच्यात ढीगभर संपत्ती सोपवली तरी परत करणारे आहेत आणि एक दिनारही परत न करणारे आहेत, असे तो सांगतो (सूरह आलि इम्रान, आयत ७५). हाच न्याय आपणही इतरांना लावावा. आणि आपल्या बाजूने आपल्या दुकानाची, कामाची, शब्दाची साक्ष इतकी स्वच्छ असावी की पूर्वग्रह बाळगणाऱ्यालाही निदान आपल्याविषयी बोलताना थांबून विचार करावा लागेल.

इतरांच्या नावाचेही आपण राखणदार आहोत. नोकरीसाठी वा स्थळासाठी कोणी चौकशी करतो, तेव्हा आपण सहज सांगून जातो. एकाने दुसऱ्याची ग्वाही दिली तेव्हा हजरत उमर (रजि.) यांनी विचारले होते : तू त्याचा शेजारी आहेस काय? त्याच्यासोबत प्रवास केला आहेस काय? पैशाचा व्यवहार केला आहेस काय? तिन्हींचे उत्तर नाही आल्यावर ते म्हणाले की मग तू त्याला ओळखत नाहीस. ओळख नसता केलेली स्तुतीही खोटी साक्ष ठरू शकते.

आरंभ घरापासून

हे शिक्षण महाविद्यालयात सुरू होत नाही. अब्दुल्लाह इब्न आमिर (रजि.) लहान असताना त्यांच्या आईने ‘इकडे ये, तुला काही देते’ म्हणून हाक मारली. प्रेषित (स.) तेथे होते. काय देणार आहात, असे त्यांनी विचारले. खजूर, असे आईने सांगितले. काही दिले नसते तर तुमच्या नावे एक असत्य लिहिले गेले असते, असे प्रेषितांनी म्हटले (अबू दाऊद). फोनवर ‘अब्बा घरी नाहीत म्हणून सांग’ असे ज्या मुलाला शिकवले जाते, त्याला पुढे प्रामाणिकपणावर कितीही व्याख्याने दिली तरी तो पहिला धडा विसरत नाही.

आज रात्री कुटुंबासह बसून एक छोटी यादी करा. कोणाची वस्तू, कोणाचे पैसे, कोणाचा निरोप, कोणाचे गुपित, कोणाला दिलेला शब्द आपल्याकडे शिल्लक आहे, ते लिहा. मुलांनी शाळेतून आणलेले पुस्तकही त्यात येऊ द्या. मग एक-एक अमानत हक्कदाराकडे पोचती करा. पत वाढते ती अशी, आवाज न करता.

अल्लाह आपल्याला सत्य वाणी, स्वच्छ व्यवहार आणि हलाल उपजीविका प्रदान करो आणि आपल्या नावांची नोंद सत्यनिष्ठांमध्ये करो. आमीन.